साडेसातचा वास

गॅसकाकांच्या नाकावर कोणी शंका घेतलेली त्यांना खपत नसे. एकतीस वर्षं त्यांनी गॅस कंपनीत गळती शोधण्याचं काम केलं होतं, आणि त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा तर त्या एकतीस वर्षांत शहरातल्या एकाही पाइपाची त्यांना विचारल्याशिवाय गळायची छाती झाली नव्हती. इमारतीच्या जिन्यात पाऊल टाकताच ते सांगत, "तिसरा मजला, उजवीकडचं दार, शेगडीमागचा जोड." बरोबरचा माणूस यंत्र घेऊन वर जाई आणि तोंडात बोट घालून खाली येई. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते की कंपनीकडे यंत्रं पुष्कळ आहेत, नाक मात्र एकच होतं. हे वाक्य काका नव्या माणसाला ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला ऐकवत. माणूस घाईत दिसला तर दुसऱ्याच मिनिटाला.

अडचण एवढीच होती की ते नाक आता बंद पडलं होतं.

वर्षभरापूर्वी काकांना ताप आला. दहा दिवसांनी ताप उतरला तो वास घेऊन गेला. कॉफी म्हणजे नुसतं कडू गरम पाणी झालं. दूध करपल्याचं त्यांना कळलं ते धुराने डोळे चुरचुरल्यावर. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार, सांगता येत नाही. काकांनी हे कोणालाही सांगितलं नाही, मुलीलासुद्धा नाही, आणि त्याला कारण होतं.

काका एकटे राहत. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी इतकी लांब की तिच्याकडे जायचं तर दोन विमानं बदलावी लागत. इमारतीत सोळा घरं होती, सगळी आपापल्या कामात. काकांच्या दाराची बेल वाजे ती एकाच कारणासाठी. कोणाला तरी स्वयंपाकघरात वासाचा संशय येई आणि ते धावत येत, "काका, जरा येऊन बघता का?" काका चष्मा शोधायच्या आतच चपला पायात घालून तयार असत. तपासणीला दहा मिनिटं लागत आणि काका ती पाऊण तासापर्यंत ताणत. आता नाक गेल्याचं कळलं असतं तर बेल वाजवायला कोण येणार होतं? काकांना त्या बेलशिवाय दुसरं कोणी नव्हतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून त्यांनी युक्ती काढली. जोडाला साबणाचं पाणी लावलं की गळतीच्या जागी बुडबुडे येतात, आणि बुडबुडे बघायला डोळे पुरतात. काका आधी डोळे मिटून दोनदा जोरात हुंगत, मान डोलावत, आणि मग "तरी पण खात्री करून घेऊ" असं म्हणून खिशातून ब्रश काढत. कोणाला कसलाही संशय आला नाही.

नाक गेल्याचा एकच फायदा झाला. बायकोची अत्तराची बाटली कपाटात तशीच होती. छोटी, तपकिरी काचेची, काळ्या बुचाची, लेबल कधीच निघून गेलेलं. आत चाफा होता. नाक शाबूत होतं तोवर ती उघडायची काकांची हिंमत झाली नव्हती. वास आला असता आणि मग दिवसभर काही सुचलं नसतं. आता वास येणारच नव्हता. तेव्हा आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांनी वरच्या फळीवर चाचपून बाटली काढली, एक थेंब रुमालावर टाकला आणि रुमाल खिशात घालून फिरायला गेले. मग रोजच सकाळी साडेसातला हा कार्यक्रम सुरू झाला. आपल्याला येत नसला तरी तिचा वास आपल्याबरोबर चालतोय, एवढं काकांना पुरे होतं.

नेमक्या त्याच सुमारास इमारतीत गॅसच्या वासाचं गूढ सुरू झालं.

रोज सकाळी साडेसातच्या सुमारास जिन्यात वास येई आणि नऊपर्यंत नाहीसा होई. सेक्रेटरींनी गॅस कंपनीची माणसं तीनदा बोलावली. ती दहा वाजता येत, यंत्र फिरवत, काही सापडलं नाही म्हणून लिहून देत आणि जात. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने नवी शेगडी घेतली, मग जुनी चांगली होती की नाही यावरून अबोला धरला. सेक्रेटरींच्या सासूबाई जीव मुठीत धरून दुसऱ्या जावयाकडे राहायला गेल्या, आणि सेक्रेटरींनी त्यांना परत आणायची फारशी घाई केली नाही. तळमजल्यावरच्या एका गृहस्थाने स्फोटाच्या भीतीने सिगारेटच सोडली. काकांची बेल आठवड्यातून चार-चार वेळा वाजू लागली.

काकांचा हा सुवर्णकाळच होता, पण त्यांना त्यात सुख नव्हतं. लोक बोलवत, पण काका तपासत असताना चार हात लांब उभे राहत. जिन्यात समोर आले की भिंतीला चिकटून वाट देत. बागेतल्या बाकावर काका बसले की शेजारचा माणूस थोडा सरके, मग आणखी थोडा, आणि मग त्याला काहीतरी काम आठवे. काकांनी यावर पुष्कळ विचार केला आणि जगच विरळ होत चाललंय असा निष्कर्ष काढला.

अशात एका रविवारी बेल वाजली. दारात शिवणवाल्या ताई होत्या. तळमजल्यावर त्यांचं कपडेदुरुस्तीचं दुकान होतं. चेन बदलणं, उंची कमी करणं, वाढलेल्या पोटासाठी कंबर सैल करणं. काका ब्रश घ्यायला वळले, तर त्या म्हणाल्या की वासबीस काही नाही, आणि असला तरी त्यांना कळणार नाही, कारण कापडाच्या धुळीने त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं असतं. त्यांचं काम वेगळंच होतं. शाळा नववीत सुटली होती, आता त्रेचाळिसाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसल्या होत्या आणि विज्ञानाच्या तिसऱ्या धड्यात अडकल्या होत्या: स्थायू, द्रव आणि वायू, आणि त्यातले कण कसे हलतात.

"तुम्ही आयुष्यभर वायूतच काम केलंत," त्या म्हणाल्या. "म्हटलं, निदान एक तृतीयांश धडा तरी तुम्हाला येत असेल."

बायको गेल्यानंतर काकांकडे गॅसच्या कामाशिवाय बसायला आलेलं हे पहिलं माणूस. काकांनी खुर्ची पुसली, मग दुसरी पुसली, मग पहिली पुन्हा पुसली.

पहिला धडा बटणांवर झाला. ताईंनीच बटणांचा डबा आणला होता. काकांनी तो गच्च भरला आणि हलवला. बटणं जागच्या जागी थरथरली, एकही हललं नाही. हे स्थायू, काका म्हणाले. कण एकमेकांना धरून असतात, थरथरतात, पण जागा सोडत नाहीत. ताई म्हणाल्या, कळलं, आमच्या सासूबाई. मग काकांनी निम्मी बटणं काढली. उरलेली एकमेकांवरून घसरत इकडून तिकडे गेली. हा द्रव. मग पाच-सहाच ठेवली. ती डबाभर उडाली. हा वायू. इथवर सगळं छान चाललं होतं. पण काकांना चेव चढला आणि त्यांनी डब्यात एकच बटण ठेवून हलवलं.

"आमचं घर आधी असं होतं," गच्च बटणांच्या ढिगाकडे बोट दाखवून ते म्हणाले. "आता हे."

ते एकटं बटण डब्यात फारच वाजलं. ताईंनी हळूच डबा त्यांच्या हातातून घेतला आणि पुढच्या रविवारी कोणता भाग, असं विचारलं.

दुसऱ्या रविवारी शाईचा थेंब थंड पाण्यात आणि गरम पाण्यात टाकून झाला. गरम पाण्यात शाई पटकन पसरली, कारण उष्णतेने कण जास्त वेगाने पळतात. जाताना ताई म्हणाल्या की अजून एक रविवार झाला की धडा संपेल. काका आठवडाभर त्या वाक्याने बेचैन होते. धडा संपला की ताई यायच्या थांबणार. तेव्हा तिसरा प्रयोग असा दणक्यात झाला पाहिजे की ताईंनी आपण होऊन चौथा धडा पुढे करावा. आणि वायू म्हणजे तर काकांचा घरचा विषय.

बेत साधा होता. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात बशीत अत्तर ओतायचं, ताईंना दाराजवळ बसवायचं, वास पोचला की त्यांनी हात वर करायचा. मध्ये वारा नाही, पंखा नाही, तरी वास पोचतो, कारण वायूचे कण स्वतःच धडपडत चारी दिशांना जातात. एका थेंबाने भागलं असतं. पण काकांनी अर्धी बाटली ओतायचं ठरवलं, आणि बशी उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवायचं. बायकोचं अत्तर असं ओतायचं त्यांच्या जिवावर आलं. पण ती असती तर म्हणाली असती, चांगल्या कामाला लागतंय, ओता.

ताई आल्या त्या खुशीत होत्या. डॉक्टरांनी नवे थेंब दिले होते आणि कित्येक महिन्यांनी त्यांचं नाक मोकळं झालं होतं. काकांना वाटलं, आपलं नशीब आज उघडलंय. त्यांनी खिडक्या लावल्या, बशी भांड्यावर ठेवली, घड्याळ हातात घेतलं आणि म्हणाले की साधारण दीड मिनिट लागेल.

नवव्या सेकंदाला ताईंचा हात वर गेला.

"कसा आहे?" काकांनी पुढे झुकून विचारलं. आठ महिने हे कोणाकडून तरी ऐकायची त्यांना आस होती.

ताई उभ्या राहिल्या होत्या. "काका, शेगडी बंद केलीत ना?"

"शेगडीचं काय? तो चाफा आहे."

"चाफा असा नसतो, काका. उठा."

तोवर कण आपलं काम करून चुकले होते. ते दाराखालून जिन्यात गेले, जिन्यातून वर-खाली गेले आणि सोळा घरांत शिरले. सेक्रेटरींनी आरडाओरडा करत मुख्य झडप बंद केली. इतके दिवस नुसता भास वाटणारा वास आज धडधडीत आला होता. घराघरांत बसलेली माणसं दारातून सुटली आणि ओघळत खाली निघाली. सिगारेट सोडलेले गृहस्थ सगळ्यांत पुढे होते.

जिन्यातल्या वळणावर सगळ्यांनी काकांना गाठलं. काका, तुम्हीच सांगा. काका, कुठून येतोय? एवढी माणसं काकांभोवती कित्येक वर्षांत जमली नव्हती. त्यांनी सवयीने डोळे मिटले, दोनदा खोल हुंगलं आणि शांतपणे निकाल दिला की इमारतीत गॅसचा वास अजिबात नाही.

एकतीस वर्षांच्या नाकाचा केवढा दरारा! निम्म्या लोकांनी स्वतःच्या नाकावरचा विश्वास काढून घेतला आणि ते परत वर निघाले. उरलेल्या निम्म्यांना जीव प्यारा होता, ते खाली निघाले. दोन्ही प्रवाह पहिल्या मजल्यावर भेटले आणि तिथे जिना असा घट्ट झाला की कोणालाच जागा सोडता येईना. अबोला धरलेलं जोडपं त्या दाटीत समोरासमोर अडकलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांशी बोललं. बोलणं एवढंच होतं की पाय काढ.

कंपनीची गाडी वीस मिनिटांत आली. तपासायला आलेली मुलगी काकांच्याच हाताखाली शिकली होती. तिने यंत्र फिरवलं. यंत्र शून्य दाखवत होतं. मग तिने यंत्र बंद केलं आणि काकांनी शिकवलं होतं तशी नाक पुढे करून जिना चढू लागली. मागोमाग सगळी इमारत. ती थेट काकांच्या घरात गेली, बशीपाशी थांबली आणि बाटली उचलून उजेडात धरली.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात एक भयंकर वासाचं द्रव्य मिसळते, आणि नव्या माणसांना तो वास ओळखायला शिकवण्यासाठी त्याच द्रव्याची पातळ केलेली छोटी बाटली ठेवते. तपकिरी काच, काळं बूच. काकांच्या ऑफिसातल्या टेबलाच्या खणातली तशी बाटली निवृत्तीच्या दिवशी पेनांबरोबर घरी आली होती आणि बायकोने ती नीटनेटकेपणाने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली होती.

"सर," ती मुलगी हळूच म्हणाली, "तुम्हाला हा वास येत नाहीये?"

प्रयोग होता, मुद्दाम केला, असं सांगून सुटता आलं असतं. काकांच्या ओठांवर ते आलंही होतं. पण तिला त्यांनीच शिकवलं होतं की गळती झाकणारा माणूस गळतीपेक्षा वाईट.

"वर्ष झालं," काका म्हणाले. "काहीच येत नाही."

सेक्रेटरी मनातल्या मनात काहीतरी जुळवत होते. त्यांनी काकांच्या खिशाकडे बघितलं, मग रुमाल मागितला, नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"साडेसात," ते म्हणाले. "रोज साडेसातला तुम्ही फिरायला निघता." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुमच्या अंगाला वास येतो हे आम्हाला माहीत होतं, काका. आम्हाला वाटायचं, एकतीस वर्षांचं मुरलंय. तोंडावर कसं सांगणार?"

बागेतला बाक, जिन्यातली भिंत, चार हातांचं अंतर, सगळ्याचा उलगडा काकांना तिथल्या तिथे झाला. आणि आपल्याकडे येऊन बसणारं एकमेव माणूस नाक चोंदलेलं होतं म्हणून येऊन बसत होतं, हेही कळलं. त्याचं वाईट त्यांना सगळ्यांत जास्त वाटलं. जग विरळ झालेलं नव्हतंच. आठ महिने काकाच त्याला खिशातून हाकलत होते.

लोक पांगले. काही रागावले होते, काही हसत होते. ताई मात्र मागे राहिल्या. त्यांनी खिडक्या उघडल्या, बशी धुतली, मग काकांना जागा विचारून, स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीवर हात घातला आणि साड्यांमागून दुसरी तपकिरी बाटली काढली. बूच उघडून नाकाशी नेली.

"हा चाफा," त्या म्हणाल्या. "थोडा डांबरगोळीचाही येतोय. पण चाफाच. गोड आहे."

काका ऐकत राहिले. आणखी काही सांगा, असं त्यांना म्हणायचं होतं. "बूच लावा लवकर," ते म्हणाले. "उडून जाईल."

त्यानंतर सहा दिवस बेल वाजली नाही. काकांनी ती खराब झाली असेल म्हणून स्वतः बाहेर जाऊन वाजवून बघितली. उत्तम वाजत होती. कोणाच्या स्वयंपाकघरात काही शंका आली तरी आता नाक नसलेल्या तपासनीसाला कोण बोलावणार होतं? इमारतीची सभा झाल्याचंही त्यांना कानोकानी कळलं. त्यांना बोलावणं नव्हतं. मुलीला फोन करून सामान बांधतो म्हणावं, असं त्यांच्या दोनदा मनात आलं.

सातव्या दिवशी रविवार होता. ताई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि चौथा धडा उघडला. त्याआधी त्यांनी सेक्रेटरींचा कागद काकांच्या हातात दिला. सभेत एकमताने ठराव झाला होता. गॅसकाकांना वास येत नाही, ते एकटे राहतात आणि शेगडी वापरतात, ही बाब संपूर्ण इमारतीस धोकादायक असल्याने त्यांच्या स्वयंपाकघराची रोज सकाळी साडेसात वाजता प्रत्यक्ष हुंगून तपासणी करण्यात यावी. तपासणी प्रत्येक घराने आळीपाळीने करावी. "सर्व ठीक आहे" या काकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

काकांचं तोंड लाल झालं. ज्या माणसाने अर्ध्या शहराचे पाइप तपासले त्याची तपासणी करायला आता कंबर सैल करून घेणारे लोक येणार! ते तावातावाने कागद फाडणार होते. मग त्यांनी तो पुन्हा वाचला. रोज, असं लिहिलं होतं.

पहिले काही दिवस लोक दारातूनच हुंगून पळाले. पण नुसतं हुंगून लगेच जाणं बरं दिसत नाही, म्हणून कोणी हवापाण्याचं बोललं, कोणी तब्येत विचारली. जोडप्याची पाळी आली तेव्हा दोघं आली आणि नव्या शेगडीचं भांडण काकांपुढे मांडून गेली. सिगारेट सोडलेल्या गृहस्थांनी आता पुन्हा सुरू करू की नको, यावर सल्ला घेतला. सेक्रेटरी तर चहाला बसू लागले, सासूबाई परत आल्यामुळे त्यांना घरी जायची तशीही घाई नसे. एका सोमवारी त्यांनी दारात बूट काढले, स्वयंपाकघरात जाऊन कर्तव्य म्हणून दोन-चारदा हुंगलं, सगळं ठीक असल्याचं वहीत लिहिलं आणि काकांच्या समोर पाय पसरून बसले.

काका चहा ओतता ओतता थांबले. काहीतरी होतं. जुनं, आंबट, कुबट, ओल्या पोत्यासारखं. त्यांनी डोळे मिटून हुंगलं, आणि या वेळी ते सोंग नव्हतं. सेक्रेटरींचे मोजे होते. निदान तीन दिवसांचे. त्याच्यामागून चहाचा वास आला, बारीकसा, मग तापलेल्या भांड्याचा. काकांचे डोळे भरून आले.

"काय झालं, काका?" सेक्रेटरींनी विचारलं. "काही वास येतोय की काय?"

काकांनी घाईघाईने डोळे पुसले आणि कप त्यांच्यापुढे सरकवला.

"मला?" ते म्हणाले. "मला कसला येतोय? डॉक्टर म्हणालेत, आता जन्मात येणार नाही."